एका तबकडीत तीन काटे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कर्जत येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांचे निमंत्रणपत्र आले तेव्हा त्यात विषयाचे बंधन नव्हते. ‘गुरुजींनी आपल्या आवडीच्या विषयावर अर्धा तास बोलावे’ एवढेच त्यांनी लिहिले होते. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, स्त्रीशिक्षण, आरोग्य, हुंड्याची चाल अशा गंभीर विषयांवर विद्वानांची व्याख्याने झालेली आहेत. मी मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला. त्या विषयांत मी नवीन काय सांगणार? म्हणून गेल्या वर्षी जे काम मी डोळ्यांनी पाहिले आणि ज्याला माझाही थोडासा हात लागला, त्याविषयीच बोलावे असे ठरविले. एका जुन्या विलायती स्पोर्ट्‌स मोटारीच्या डॅशबोर्डावर बसविण्यासाठी, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि विजेचा जोर ही तीन मापे एकाच तबकडीत दाखविणारे मीटर खोपोलीच्या एका गॅरेजात हाताने तयार झाले. ते करणारा तरुण आपल्याच ज्ञातीतला, माझा विद्यार्थी. आपले नाव घेऊ नये अशी त्याची विनंती आहे. ती मी पाळणार आहे, जरी सभागृहातील पुष्कळांनी त्याला आताच ओळखले असेल.

आता हा विषय आपल्या कर्जत-खालापुराला परका आहे, असे कोणी समजू नये. दाब मोजणारा काटा ही आपल्या दोन्ही तालुक्यांची जुनी ओळखीची वस्तू आहे. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ. गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने कर्जतला जोडण्याची पद्धत आजही चालू आहे, फक्त आता ती विजेची असतात. वाफेच्या काळात बाष्पकाच्या दाबाचा काटा खाली सरकला की घाटात गाडी अडलीच, म्हणून ड्रायव्हरची एक नजर रुळांवर व दुसरी काट्यावर असे. नेरळ-माथेरानची १९०७ सालची छोटी गाडी घ्या, तिथेही तोच काटा. पुढे १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि १९२२ साली आपल्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे. खोपोलीला घाटमाथ्यावरचे पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून नळांतून खाली येते. पाण्याचा दहा मीटरांचा स्तंभ म्हणजे साधारण हवेच्या दाबाची एक पट, हा शाळेतला हिशेब लावला तर पायथ्याशी हवेच्या पन्नासपट दाब होतो. त्या दाबाचे माप दाखविणारा काटा आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी वीजघरात वर्षानुवर्षे पाहिला. नातवाने जो काटा दुरुस्त केला तो जेमतेम साडेतीनपट दाबाचा! परंतु दोहोंच्या पोटातले यंत्र एकच आहे.

ते यंत्र १८४९ साली पॅरिसच्या युजीन बूर्दों या कारागिराने शोधून काढले. त्याची युक्ती पोरांना समजेल इतकी सोपी आहे. जत्रेत कागदाची गुंडाळलेली शिट्टी मिळते. फुंकली की ती उलगडते आणि फुंकर थांबली की पुन्हा गुंडाळते. बूर्दोंने पितळेची चपटी नळी अर्धवर्तुळाकार वाकविली, एक तोंड बंद केले, दुसऱ्यातून दाब आत सोडला. दाब वाढला की नळी किंचित सरळ होऊ पाहते. तिच्या बंद टोकाची ती बारीकशी हालचाल दातेरी चाकाने वाढवून काट्याला दिली की झाले मीटर. एवढ्याशा नळीवर गेली पावणेदोनशे वर्षे आगगाड्या, गिरण्या आणि वीजघरे चालली आहेत.

असो. मोटारीकडे वळतो. ही मोटार एम. जी. ए. नावाची, दोन माणसांची, लांब नाकाची, उघड्या टपाची. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून अधिक मोटारी तयार झाल्या. त्यांतली एक मुंबईच्या एका गृहस्थांकडे वडिलार्जित होती. त्यांनी कर्जतजवळ घर बांधले आणि ही मोटार तेथे आणून ठेवली. वडील ज्या मोटारीने बोरघाट चढून पुण्यास जात, तिनेच एकदा जुन्या रस्त्याने घाट चढावा ही त्यांची इच्छा. सत्तरीला आलेल्या माणसाची इच्छा ती. तिला हसू नये.

या मोटारीत तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता दाखविणारे जोडमीटर कारखान्यातूनच येते. तबकडी एक, काटे दोन. तेलाचा काटा बूर्दोंच्या नळीवर चालतो, यात नवल नाही. गंमत अशी की उष्णतेचा काटाही तसल्याच नळीवर चालतो! इंजिनाच्या हेडमध्ये एक पितळी बल्ब असतो, त्यात ईथर भरलेले असते आणि तेथून केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीने त्याचा दाब डॅशबोर्डापर्यंत येतो. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळणारे द्रव्य. १०० अंशांना त्याच्या वाफेचा दाब हवेच्या सहापटीहून अधिक होतो. त्यामुळे आपण ज्याला उष्णतामापक म्हणतो ते वस्तुतः दाबमापकच आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ईथरच्या वाफेचा दाब उष्णतेबरोबर सारख्या पावलांनी वाढत नाही. ५० अंशांवरून ६० वर जाताना तो जितका वाढतो, त्याच्या दुपटीहून जास्त ९० वरून १०० वर जाताना वाढतो. म्हणून जुन्या तबकडीवर खालचे आकडे दाटीने आणि वरचे ऐसपैस बसलेले दिसतात. जेथे धोका आहे तेथे काटा मोठी पावले टाकतो. हा योग चांगला जुळून आला आहे, आणि नव्या मीटरात तो हरवू नये असा माझा आग्रह राहिला.

या मोटारीचे इंजिन पूर्वी कोठेतरी बाहेर काढताना ती केशनळी कोणा घाईच्या हाताने तुटली होती. ईथर उडून गेले. नळी तुटली की जोडून उपयोग नसतो, तिच्यात पुन्हा ईथर भरून बंद करावे लागते. हे काम करून देणारे परदेशांत आहेत. परंतु मीटर तिकडे पाठवावयाचे, महिनोन्‌महिने वाट पाहावयाची आणि जकातीच्या कचेरीत खेटे घालावयाचे, यास मालक तयार नव्हते. बाजारी नवी मीटरे डॅशबोर्डाखाली पट्टीवर लावण्याची सूचना झाली. मालक म्हणाले, “माझ्या वडिलांच्या गाडीला एकही नवे भोक पडता कामा नये.” म्हणजे जुन्याच भोकात, जुन्याच डब्यात, बाहेरून जुन्यासारखेच दिसेल असे काही करावयाचे होते. पुष्कळ ठिकाणी नकार मिळाल्यावर मोटार खोपोलीला आमच्या विद्यार्थ्याकडे आली.

हा मुलगा दहावीत दोनदा नापास झाला. गणिताचा पेपर त्याला कधी जमला नाही, आणि तरीही कार्ब्युरेटरच्या जेटची माप त्याला बोटांनी कळे. आय. टी. आय. मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला आणि खोपोलीत भाड्याच्या जागेत गॅरेज घातले. त्याला पाहण्यास आलेली दोन स्थळे ‘मुलगा मिस्तरी आहे’ एवढे ऐकून परत गेली, हे मला त्याच्या मातोश्रींनी सांगितले. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या वहीत ‘नोकरी’ असा रकाना आहे, ‘काम’ असा नाही. आता याच एम. जी. मोटारीच्या नावाची कथा ऐका. ती दोन अक्षरे ‘मॉरिस गॅरेजेस’ या शब्दांची आहेत. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस नावाच्या मुलाने पंधराव्या वर्षी शाळा सोडून सायकलदुरुस्तीचा धंदा काढला, त्याचे पुढे गॅरेज झाले आणि त्या गॅरेजाचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी तेथे या स्पोर्ट्‌स मोटारी बनविण्यास आरंभ केला. तो सायकल मिस्तरी पुढे लॉर्ड नफील्ड झाला आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठात त्याच्या देणगीतून १९३७ साली एक कॉलेज स्थापन झाले. स्थळे परत पाठविणाऱ्या आपल्या मंडळींना एवढे माहीत असावे.

एके दिवशी तो माझ्याकडे ते फुटके मीटर फडक्यात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, “गुरुजी, तेलाचा काटा जिवंत आहे, पाण्याचा मेलाय. मी पाण्याचा विजेवर करतो. पण आकडे कुठं लिहायचे ते तुम्ही सांगा.” मी विचारले, “आणि जागा उरली तर?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “उरली तर बॅटरीचा काटा घालीन. पट्टा तुटला तर पहिला तोच सांगतो.”

या एका वाक्यात त्या सगळ्या कामाचे मर्म होते. म्हणून ते जरा फोडून सांगतो. या मोटारीत इंजिनापुढे रबराचा एकच पट्टा आहे. तोच पंखा फिरवितो, तोच पाण्याचा पंप फिरवितो आणि तोच वीज करणारा डायनमो फिरवितो. समजा घाटात पट्टा तुटला. डायनमो त्याच क्षणी थांबतो आणि विजेचा काटा चौदाच्या आसपासून बारांवर पडतो. पाण्याचा पंपही त्याच क्षणी थांबलेला असतो, परंतु एवढे पाणी व एवढे लोखंड तापावयास काही मिनिटे लागतात. म्हणून उष्णतेचा काटा मागाहून चढू लागतो. इंजिन तापले की तेल पातळ होते, आणि सर्वांच्या शेवटी तेलाचा काटा खाली येतो. तोवर बहुधा हेडगॅस्केट गेलेले असते. म्हणजे तीन काटे तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात असे वाटते खरे, पण पुष्कळदा ते एकाच दुखण्याची सुरुवात, मध्य आणि शेवट सांगत असतात. ते एका तबकडीत, एका नजरेत असावेत याचे कारण हे आहे. शोभा ही नंतरची गोष्ट.

आणखी एक कारण आहे. रेडिएटर गळून पाणीच संपले, तर उष्णतेचा बल्ब पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा चढण्याऐवजी कधीकधी खालीच येतो! इंजिन जळत असते आणि काटा गारवा दाखवितो. एकट्या साक्षीदारावर विसंबू नये, हे न्यायालयाप्रमाणे मोटारीलाही लागू आहे.

काम कसे झाले ते आता सांगतो. तपशील थोडा रूक्ष वाटेल. भगिनीवर्गाने क्षमा करावी, जरी माझ्या अनुभवाने शिवणयंत्र खोलून जोडणाऱ्या भगिनींना हे पुरुषांपेक्षा लवकर कळते.

तेलाची बूर्दों नळी डब्याच्या वरच्या भागात आहे तशीच ठेवली. मेलेली नळी काढून खाली जी जागा झाली तीत दोन चिमुकले विजेचे काटे बसवावयाचे होते. असे काटे जुन्या टेपरेकॉर्डरांत आवाजाची पातळी दाखविण्यासाठी असत. मुंबईस लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यास बुधवार पेठेत तापकीर गल्लीत हिंडून त्याने चार आणले, त्यांतले दोन पसंत केले. विजेच्या जोराच्या काट्यापुढे त्याने झेनर डायोड नावाचा लहानसा भाग घातला, तो पहिल्या नऊ-दहा व्होल्टांना आत येऊच देत नाही. त्यामुळे शून्य ते दहा ही निरुपयोगी जागा वाचली आणि दहा ते पंधरा एवढाच भाग पूर्ण चापात पसरला.

उष्णतेसाठी हेडमध्ये नवा सेंडर बसविला. त्याच्या आत जो पदार्थ असतो त्याचा विजेला होणारा विरोध तापल्यावर कमी होत जातो. थंडपणी शेकडो ओहम, तर उकळीला त्याचा अगदी अल्प अंश. जुन्या बल्बाचे आटे निराळे असल्यामुळे लेथवर पितळी बुश कातून घ्यावा लागला. परंतु येथे एक अडचण निघाली. मोटारीतला विजेचा जोर स्थिर नसतो. इंजिन सावकाश असता कमी, जोरात असता जास्त. काट्यात जाणारी वीज त्यामुळेही बदलते. म्हणजे पाणी तितकेच गरम असताना ॲक्सिलरेटर दाबला की उष्णतेचा काटा चढणार. हे खोटे बोलणारे मीटर झाले. तेव्हा त्या काट्यापुरती वीज आधी एकसारखी करून देणारा रेग्युलेटर घालणे आवश्यक होते.

तीन पायांचा, ७८०५ या आकड्याचा रेग्युलेटर दुकानात सर्वत्र मिळतो. पण ही मोटार जुन्या इंग्रजी रिवाजाची. तिच्या बॅटरीचा धन ध्रुव मोटारीच्या अंगाला जोडलेला असतो, आजच्या मोटारींच्या नेमका उलट. तिला उलट्या जातीचा, ७९०५ आकड्याचा रेग्युलेटर लागतो. तो आणला आणि नेहमीच्या सवयीने त्याची धातूची पाठ पत्र्याला स्क्रूने आवळली. स्विच लावताच धूर! सुदैवाने फ्यूज उडाला. ७८०५ ची पाठ पत्र्याला टेकली तरी चालते, कारण ती जमिनीच्या पायाशी जोडलेली असते. ७९०५ ची पाठ मात्र आत येणाऱ्या विजेच्या पायाशी जोडलेली असते. अभ्रकाची चकती आणि नायलॉनचा वॉशर मध्ये घातल्यावर काम सुरळीत झाले. मुलगा म्हणाला, “गुरुजी, सारखे दिसणारे दोन भाऊ, पण एकाच्या पाठीवर हात ठेवायचा नाही.” ज्याला गणिताच्या पेपरात पस्तीस गुण पडले नाहीत त्याचे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

मग आकडे. हा माझा भाग. दोन्ही विजेच्या काट्यांच्या पोटात लोहचुंबक असतात. ते शेजारीशेजारी आले की एकमेकांना थोडे ओढतात आणि लोखंडी डबाही त्यात भाग घेतो. म्हणून मोकळ्या टेबलावर केलेली मापे डब्यात गेल्यावर खरी राहत नाहीत. सर्व भाग डब्यात, जागच्या जागी बसवूनच मोजणी करावी असे मी सांगितले आणि ते त्याने मानले. मूळ तबकडी फॅरनहाइटची होती व मालकांच्या हट्टासाठी नवीही तशीच केली. मी येथे सेंटिग्रेडचेच आकडे सांगतो.

आमच्या स्वयंपाकघरात शेगडीवर पातेले ठेवले. पाण्यात सेंडर आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसला पाऱ्याचा उष्णतामापक दोरीने बांधून सोडला. ४० अंशांपासून दर पाच अंशांना मुलाने काट्याची जागा सांगावी व मी लिहावी. पाणी सारखे ढवळावे लागते, नाहीतर सेंडर मागे राहतो. तापतानाची मापे घेतली, मग निवतानाची घेतली. दोहोंत फरक पडला तेव्हा सारे पुन्हा केले, आणखी सावकाश. १०० च्या पुढचे आकडे हवे होते. त्यासाठी पाणी ओतून गोडे तेल घातले आणि ११० पर्यंत गेलो. त्या दिवशी आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा झाला, एवढेच मी सभ्य भाषेत सांगतो.

सगळे बिंदू आलेखाच्या कागदावर मांडले. रेषा सरळ आली नाही, येणारही नव्हती. गंमत अशी की नव्या काट्याचा कल ईथरच्या अगदी उलट निघाला. खालचे आकडे ऐसपैस आणि ८० च्या पुढे दाटी! धोका जेथे तेथेच काटा आळशी. असे मीटर मी विद्यार्थ्याच्या हातून बाहेर जाऊ देणार नव्हतो. मालकांना लवकर हवे होते, जागेचे भाडे थकले होते, तरीही त्याने डबा पुन्हा उघडला. सेंडरच्या जोडीला कोणता रोध किती ओहमचा घालावा याची आम्ही तीन संध्याकाळी आकडेमोड केली. त्रैराशिक आणि अपूर्णांक यांपलीकडे काही लागले नाही, आणि या वेळी मुलाला ते सारे येत होते. मग पुन्हा पातेले, पुन्हा ढवळणे. ७० ते १०० हा टप्पा चापाच्या अर्ध्याहून अधिक भागावर पसरला तेव्हा थांबलो.

तेलाचा काटा तपासण्यासाठी खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यातील मीटर-फिटरने रविवारी प्रमाणित मीटर आणून दिले. एकाच पंपावर दोन्ही जोडली. आमचा जुना काटा साठ पौंडांच्या जागी चौसष्ट दाखवीत होता. तेलाच्या काट्याने जास्त दाखविणे हे सर्वांत वाईट, कारण त्याने माणूस निर्धास्त होतो. तो दुरुस्त केला. डॅशबोर्डामागे गरम तेल आणणारी जुनी नळी कडक झालेली होती, तीही बदलली.

तबकडीचे चित्र मी चौपट मोठे काढले, काळ्या शाईने, ड्रॉइंगच्या कागदावर. मोठे काढून लहान करावे म्हणजे हाताची थरथर लहान होते. त्यावरून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर छाप घेतला, काळ्यावर पांढरा. एका प्रयोगात मी ‘तेल’, ‘पाणी’, ‘वीज’ अशी मराठी अक्षरे घातली होती. मालकांनी ती कौतुकाने पाहिली आणि नम्रपणे नाकारली. त्यांचे बरोबर होते. जुन्या वाड्याची डागडुजी करताना गवंड्याने आपले नाव दर्शनी भिंतीवर लिहू नये. तबकडीच्या मागल्या बाजूला मात्र मुलाने सुईने ‘खोपोली’ आणि साल कोरले आहे. पुढे कधी कोणी डबा उघडील त्यास दिसेल.

हादऱ्यांचे काम शेवटी निघाले. टेपरेकॉर्डर टेबलावर बसतो, मोटार खड्ड्यांतून जाते. पहिल्या फेरीत खोपोली ते खालापूर काटे मुंगी चावल्यासारखे नाचत होते. विजेसाठी मोठा कपॅसिटर घातला, काट्यांच्या शेपटीला कथिलाचा कणभर ठिपका देऊन तोल साधला. तरी थोडी थरथर राहिली. कारखान्याच्या मालाला ती नसते हे मान्य केले पाहिजे.

मग घाट. बोरघाटाची गाडीवाट १८३० साली झाली. त्याआधी धनगर शिंग्रोबाने वाट दाखविली अशी आपल्याकडे कथा आहे आणि जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा होण्यापूर्वी मुंबई-पुण्याची सारी वाहतूक खोपोलीवरून जाई. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात त्या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलेल्या मोटारी आणि ट्रक ओळीने उभे असत, क्लीनर ओले पोते घेऊन रेडिएटरशी. सावकाश चढताना वारा कमी आणि इंजिनाला कष्ट जास्त, हे त्याचे साधे कारण. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळते, दर तीनशे मीटरांना सुमारे एक अंश. खोपोलीस जवळजवळ १०० अंशांना उकळणारे पाणी लोणावळ्यास ९८ लाच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरते म्हणून थोडी सवड मिळते. झाकणाचे रबर जुने असेल तर तीही नाही.

डिसेंबरमधील एका सकाळी आम्ही दोघे निघालो. तो चालविणारा, मी वही घेऊन शेजारी. मालक आपल्या दुसऱ्या मोटारीने मागून. खोपोली सोडताना पाणी ७६, तेल ५५ पौंड, वीज १४. शिंग्रोबाच्या देवळाशी नारळ वाढविण्यास थांबलो तेव्हा पाणी ८८. पुढच्या वळणावर वीज १४ वरून १२.४ वर आली. पाण्याचा काटा होता तेथेच होता आणि इंजिनाचा आवाजही बदललेला नव्हता. मुलाने काही न बोलता मोटार कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. पट्टा तुटलेला नव्हता, पण सैल होऊन घसरत होता आणि त्याच्या आतल्या बाजूस चीर गेलेली होती. मालक मागून उतरून आले व विचारू लागले, “पाणी तर ठीक आहे, मग थांबलात का?” मुलाने त्यांना तिसरा काटा दाखविला. जादा पट्टा डिकीत होताच. अर्ध्या तासाने निघालो. चढाच्या शेवटी पाणी ९४ पर्यंत गेले, तेल ४५ वर आले. खंडाळ्याला पाचेक मिनिटे इंजिन चालू ठेवून पाहिले, ९६ वर काटा स्थिर राहिला. तेथून पुढे मालक स्वतः चालवीत पुण्यापर्यंत गेले. आम्ही दोघे एस. टी. ने परत आलो.

त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. थकलेले भाडे फिटले आणि उरलेल्या रकमेत जुना छोटा लेथ आला, त्याचा निम्मा हप्ता अजून बाकी आहे. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात दहावी-बारावीच्या टक्क्यांचा रकाना आहे. आय. टी. आय. त शिकणाऱ्या किंवा नुकताच धंदा घातलेल्या मुलाला हत्यारांसाठी बिनव्याजी रक्कम देण्याची तरतूद त्यात नाही. ती करावी असा लेखी ठराव मी आज अध्यक्षांकडे दिला आहे; अनुमोदक म्हणून दोघा सभासदांच्या सह्या आहेत. दुपारच्या सभेत तो चर्चेस येईल तेव्हा आपण जागेवर असावे, जेवणानंतर पांगू नये, अशी विनंती आहे.

विद्यार्थी आज येथे येऊ शकला नाही. त्याच्याकडे पुण्याची एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड आली आहे, मद्रासच्या कारखान्यातली. तिला पेट्रोलचा काटाही याच तबकडीत हवा आहे, आणि टाकीतल्या तरंगत्या गोळ्याचा रोध आमच्या हिशेबात अजून बसत नाही. मोजणीची वही मी येथे टेबलावर ठेवतो. आलेखाची पाने मधोमध आहेत. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी पाहावीत. गोड्या तेलाचे डाग पडलेली पाने तेवढी जपून उलटावीत.